उन्हात न दिसणारा जाळ

आप्पा, तुम्हाला जाऊन आता पस्तीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आज मी मोठी आहे, तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते आणि हात डोक्यावरच्या पदराकडे जातो. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्या घरात रीत नव्हती. तुम्ही असताना आपण बोललो ते सगळं इंजिनाबद्दल. झडपा, प्लग, इंधनाची सुई किती फेरे उघडायची, इंधनात एरंडेल किती घालायचं. दुसरं काही बोललोच नाही, आणि जे बोलायला हवं होतं ते तसंच राहून गेलं.

खानापूरकडच्या आमच्या गावातून लग्न होऊन मी बेळगावात आले तेव्हा तुमच्या नादाबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. एकदम मागच्या खोलीतून असा आवाज फुटला की माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली. मोटरसायकल घरात घुसल्यासारखा आवाज, आणि पाठोपाठ जळक्या एरंडेलाचा वास. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सासूबाई, म्हणजे आत्ती, कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घाबरू नगंस. त्येंचं इमान हाय त्ये," म्हणाल्या. नंतर कळलं की तुम्ही विमानदळात फिटर होता, आणि निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचा शौक होता. त्यांची जपानहून आलेली फोर-स्ट्रोक इंजिनं तुमच्याकडे यायची. उडवायचे ते, पण इंजिन नवीन असताना फिरवून मोकळं करणं, उघडणं, धुणं, पुन्हा लावणं हे सगळं तुमचं.

तुम्ही मला पहिल्यांदा त्या खोलीत बोलावलंत ते तुमची नजर मंदावली म्हणून. "पोरी, तुझी नजर चांगली हाय. जरा हिकडं ये." मुठीत मावेल एवढं इंजिन लाकडी घोडीवर पक्कं बसवलेलं होतं, आणि वरचं झाकण काढल्यावर आत नखाएवढे दोन दांडे दिसत होते. दांडा आणि झडप यांच्यामध्ये पोलादाची पातळ पत्ती सरकवून फट मोजायची होती. कागदापेक्षा पातळ पत्ती. मला काही केल्या कळेना की किती सैल म्हणजे बरोबर. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "ओल्या हातातनं बांगडी कशी निघती? निघती, पन धरून धरून निघती. तशी पत्ती निघाय पायजे." पुढच्या खेपेला ती तशीच निघाली. तुम्ही इंजिनापुढचा पंखा हातानं फिरवून बघितलात, कान जवळ नेलात आणि नुसतं "हां" म्हणालात. त्या एका "हां"साठी मी दिवसभर खूश होते.

पण मला त्या इंजिनाची भीती वाटायची, आप्पा, आणि ती कधी गेली नाही. पंखा दोन फेरे घेतो तेव्हा इंजिन एकदा पेटतं, त्यामुळे ते गप्प आहे असं वाटतं तेव्हाही ते उलटी लाथ मारू शकतं. तुमच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक असंच गेलेलं. पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. पंख्यावर एक नट आवळला की त्याच्यावर दुसरा आवळायचाच. नायलॉनचं लुगडं नेसून खोलीत यायचं नाही, केस मोकळे नकोत, पदर खोचलेला हवा. काम झालं की इंजिनाच्या पोटात दोन थेंब तेल सोडायचं, नाहीतर बेळगावच्या पावसाळ्यात बेअरिंग आठवड्यात गंजतं. एकदा इंजिन गरम असतानाच मी झडपांना पाना लावला तेव्हा तुम्ही असे ओरडलात की आत्ती धावत आल्या. "गार झाल्याबिगर माप घ्याचं न्हाय म्हनून किती येळा सांगितलं?" मी रडले. संध्याकाळी तुम्ही दारातूनच विचारलंत, "भ्या वाटतंय व्हय गं इंजिनाचं?" मी मान डोलावली. "मग ऱ्हाऊ दे. मला भ्या वाटायचं थांबलं, त्याच दिवशी ह्ये बोट गेलं."

तो दिवस एप्रिलमधला. निपाणीहून नवंकोरं इंजिन आलेलं, आणि गल्लीतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली म्हणून आपण रिक्षा करून पिरनवाडीच्या पलीकडच्या माळावर गेलो. घोडी, बॅटरी, इंधनाचा डबा, धुवायला नुसत्या स्पिरिटची बाटली, प्यायच्या पाण्याची कळशी, बसायला गोणपाट. स्पिरिट आपण घरात म्हणायचो, ते खरं मिथेनॉल. अकरा वाजून गेलेले. नव्या इंजिनाला आधी भरपूर इंधन पाजून थोडा थोडा वेळ फिरवायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा फिरवायचं. तीनदा झालं. घोडी एरंडेलानं बरबटली. मी स्पिरिट ओतून ती धुतली, फडकं वाऱ्यानं लांब उडालं होतं, तर पदराचं टोक सोडून त्यानं पुसली आणि ओला पदर तसाच कमरेला खोचला. तुम्ही बघितलं असतंत तर मला तिथूनच घरी पाठवलं असतंत. तुम्ही बॅटरीची तार लावत होता.

चौथ्यांदा इंजिन पेटेना. आत इंधन जास्त झालेलं. तुम्ही काठीनं पंखा फिरवताय, मी बाजूला वाकून सुई धरून बसले आहे. एकदा ते खोकल्यासारखं करतं आणि कार्बोरेटरमधून फस्स असा आवाज येतो. मला काहीच दिसत नाही. ऊन एवढं की घोडीकडेही बघवत नाही. तुम्ही काठी टाकता. तुमची नजर माझ्या कमरेवर आहे आणि तुमचं तोंड असं झालं आहे की तसं मी आधी कधी बघितलं नव्हतं. काही न बोलता तुम्ही माझ्या कुशीवर थाडथाड हात मारता, पदर धरता, ओढता. मी पडते. तुम्ही लुगडं ओढत राहता, निऱ्या सुटतात, आणि मी किंचाळते, "सोडा! सोडा मला!" माळावर दुसरा आवाज नाही. तुम्ही लुगडं लांब फेकता, गोणपाट माझ्याभोवती गुंडाळता, कळशी ओतता. मग मी बघितलं. लुगडं गवतावर पडलं होतं आणि आपोआप काळं होत, आक्रसत चाललं होतं. ना धूर, ना ज्वाळा. शेजारचं गवत एकेक काडी करत काळं पडत होतं.

बांधापलीकडे तीन बाया गवत कापत होत्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तशी त्या विळे घेऊन पळाल्या. तुम्ही अंगातला सदरा काढून माझ्याकडे टाकलात आणि पाठ करून बसलात. दोन्ही तळहात वर करून, मांडीवर उपडे न टेकता. ते भाजले आहेत हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

माझ्या डाव्या कुशीला तळहाताएवढं भाजलं होतं. घरी तुम्ही आत्तींना एवढंच सांगितलंत, "इंजिनानं पेट घेतला. दोघास्नी थोडं भाजलं." लुगड्याचं तुम्ही बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? पण चार दिवसांत ती गोष्ट माळावरून आपल्या गल्लीत आली. म्हाताऱ्यानं सुनेला मारलं, माळावर तिच्या लुगड्याला हात घातला, ती सोडा सोडा म्हणून ओरडत होती. ह्यांनी सकाळी दाढी करता करता आरशातूनच विचारलं, "आप्पांनी तुझं लुगडं वढलं म्हणत्यात. खरं हाय?" मी म्हटलं, पेटलं होतं. "जाळ कुणी बघितला?" मी म्हटलं, स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. ह्यांचा वस्तरा थांबला. दिसत नाही असा जाळ असतो हे माझ्याच तोंडून ऐकताना मलाही ते खोटं वाटलं. ह्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी इंजिनाची कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून तुम्ही बाहेर सोप्यात जेवायला लागलात. हात बांधलेले, आत्ती घास भरवायच्या. मी पाणी ठेवायला आले की तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात. मला कळत होतं की मी एकदा मोठ्यानं बोलले तर हे सगळं थांबेल. पण मी जेवढी तुमची बाजू घेईन तेवढा संशय वाढेल असं वाटायचं. आठ दिवस मी अशीच घाबरून काढले.

नवव्या दिवशी माझा थोरला भाऊ आला. त्यानं चहा घेतला नाही. अंगणातच उभा राहिला. "कापडं भर. चल घरला."

"अण्णा, आदी ऐक तरी."

"काय ऐकू? गावात मान वर करून चालू व्हय मी? ह्या म्हाताऱ्याला..." त्यानं पुढचं बोलायच्या आत मी आत गेले. मागच्या खोलीतून स्पिरिटची बाटली उचलली, स्वयंपाकघरातून जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली आणि काड्यापेटी. बरोबर बारा वाजलेले, अंगणात सावली नव्हती. ताटलीत स्पिरिट ओतलं. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली, ताटलीत टाकली आणि मी मागे सरले.

ताटलीत काही दिसत नव्हतं. भाऊ वाकला. "इझली की," म्हणाला आणि काडी उचलायला हात घातला. लगेच "आई गं!" करून मागे उडाला. मनगटावरचे केस जळून गेलेले. तो ताटलीकडे बघत राहिला, मग हाताकडे. मी झाडूची एक काडी वर धरली. ती टोकापासून काळी पडत, वाकत आली. मी म्हटलं, "ह्यो माझ्या कमरंला हुता, अण्णा. मला दिसला न्हाय. त्येंला पदर काळा पडताना दिसला."

ह्यांनी दाराची चौकट धरली होती. आत्तींना रडू फुटलं. "आट दिस ह्यो मानूस भाईर जेवला गं, आन् म्या एक शबूद इचारला न्हाय." भाऊ चपला काढून सोप्यात आला आणि तुमच्या पायावर डोकं ठेवलं. तुम्हाला त्याला उठवता येईना, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तुम्ही म्हणालात, "ऊठ रं बाबा. भन हाय तुजी. तुला यायाच पायजे हुतं."

मग सगळं सुरळीत झालं असं लोक म्हणतात. तुम्ही आत जेवायला लागलात. तुमचे तळहात बरे झाले, पण कातडी जाड आणि ताठ राहिली. पत्ती धरून येते की सैल येते ते तुम्हाला बोटांना कळेना. तेव्हापासून झडपांचं सगळं काम माझ्याकडे आलं. पत्त्यांचा तो सगळा जुडगा तुम्ही मला दिलात, म्हणजे फळीवर ठेवलात आणि दोन पावलं मागे सरलात, मग मी उचलला. पाना असो, चहाचा कप असो, त्यानंतर तुम्ही माझ्या हातात कधी काही दिलं नाहीत. खोलीत मी असले की तुम्ही दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचात, दार सताड उघडं ठेवून, आणि आवाजावरून सांगायचात, "मागची झडप किरकिर करतीया. अर्धा फेरा." एकदा निपाणीचे ते व्यापारी आले, म्हणाले की इंजिन इतकं गोड कधी चाललं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "माझी सून बघती आता. माझं काय न्हाय त्येच्यात." मी आत ऐकत होते. बाहेर येऊन तुमच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

पाच वर्षांनी थंडीत तुम्ही गेलात. दमा वाढला, आणि चार दिवसांत संपलं. त्यानंतर मी इंजिन उघडलं नाही. जे होतं ते तेल सोडून, फडक्यात गुंडाळून निपाणीला परत पाठवलं. आजही दुपारी गॅस लावायच्या आधी मी शेगडीवर हात धरून बघते. मुलं हसतात. हसू देत.

आता राहिलं ते लिहिते. माळावर मी का ओरडले असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं की भाजलं म्हणून. अण्णाला सांगितलं, आत्तींना सांगितलं, ह्यांना तर शेवटपर्यंत तेच सांगितलं. ते खरं नव्हतं. तुम्ही पदर धरलात तेव्हा मला भाजल्याचं कळलंच नव्हतं. बांधापलीकडच्या बायांना जे वाटलं तेच मलाही वाटलं, आणि त्यांच्या आधी वाटलं. अगदी क्षणभर. पण त्या क्षणी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत होता. तुम्ही पुढे माझ्या हातात काही दिलं नाहीत ते लोकांच्या बोलण्यामुळं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं कारण तुम्हाला ठाऊक होतं. ते तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत ना, असं तुम्हाला विचारायची भीती वाटली, आप्पा. अजून वाटते.