वटवाघळांविषयी एक पानी पत्रक

४ फेब्रुवारी
कृषी कार्यालयातल्या झैनाब मॅडमनी मलाच बोलावलं. दुरियान फळाच्या बागायतदारांसाठी एक पानी पत्रक हवंय. मोहोरावर येणारी वटवाघळंच फळ धरवतात, जाळ्या लावून त्यांना मारू नका. एवढंच लिहा, पण मोहोर फुटायच्या आत, म्हणाल्या. एवढंच! मांडणी कशाशी खातात हे बाईंना ठाऊक नाही. चार दिवसांचं काम.

९ फेब्रुवारी
आराखडा तयार. सात उपशीर्षकं. उगम, जाती, पंख, गुहा वगैरे. जाळीचा मुद्दा सातवा. वाचकाच्या मनाची तयारी नको का?

२० फेब्रुवारी, सकाळ
आधी गुहा की आधी पंख? मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर मांडले. रोगायाने केर काढला. तिला हाक मारेपर्यंत चिठ्ठ्या सुपलीत. बायको असली की मांडणी टिकत नाही.

३ मार्च
जेवताना सासरे, हाजी सिदेक, म्हणाले, जावईबापू, आपल्या दुरियानला कळ्या धरल्यात, ती काळतोंडी वटवाघळं येऊन फुलं कुरतडतील, जाळ्या काढू का माळ्यावरच्या? म्हटलं, थांबा, पत्रक येतंय, त्यात सगळं आहे. बरं म्हणाले. सांबल चटणी तिखट होती.

१४ मार्च
मॅडमचा फोन. पहिला परिच्छेद पक्का होतोय, असं कळवलं. सारखा फोन आला की विचारांची साखळी तुटते, हेही सुनावलं. उपशीर्षकं आता अकरा. जाळी अकराव्यात.

२६ मार्च, दुपार
मोहोर फुटला. थांबून थांबून सासऱ्यांनी जाळ्या लावल्या. शिडी मीच धरली. बोलणार होतो, पण संदर्भाशिवाय मुद्दा तुटक वाटला असता.

२८ मार्च
जाळ्यांत नऊ वटवाघळं मेलेली. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एकाचा पंख मोजून घेतला. तिसऱ्या उपशीर्षकाला उपयोगी.

१९ एप्रिल
पत्रक छापून आलं. बारा पानं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

६ जुलै
एक्केचाळीस झाडं, सहा फळं. सासरे चष्मा लावून आठवड्याला एखादं पान वाचत होते, आज अकराव्या उपशीर्षकाला पोहोचले. ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? म्हटलं, फेब्रुवारीत. रोगाया म्हणाली, तेव्हापासून रोज एकाच चटईवर जेवतोय आपण, बाबांना तोंडाने सांगता आलं नाही?

तोंडी सांगण्यात क्रम राहत नाही, म्हणालो.

सासरे उठून बागेत गेले. माफी मागायला हवी. सुरुवात कुठून करावी ते ठरेना. बसून राहिलो.