दार लावून दिलेला रंग

बाबा, आठवडा होत आला तरी घरातून रंगाचा वास जात नाही, आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. दुसऱ्या कुणाशी बोलले तर संध्याकाळपर्यंत ते चाळभर होईल. तसं एकदा माझ्या हातून झालेलं आहे, ते तुम्ही विसरला नसाल.

गेल्या शनिवारी हे ऑफिसातून टॅक्सीने आले. पहिली शंका मला तिथेच आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाळंतपणाला नेलं तेवढं सोडलं तर ह्यांनी मला टॅक्सीत बसवलेलं नाही. हातात जुन्या चादरीत बांधलेली जड वस्तू. चादर आमचीच, सकाळी बॅगेत घालून नेलेली. म्हणजे आणायचं आधीपासून ठरलेलं होतं आणि मला सांगायचं नाही हेही ठरलेलं होतं. चादर सोडली तर आत कम्प्युटरचा तो उभा डबा, सीपीयू म्हणतात तो. लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एका मशीनवर चौघी बसतात, हिच्या वाट्याला बघणंच जास्त येतं. स्क्रीन आणि कीबोर्ड आम्ही जुन्या बाजारातून घेतले होते, रीतसर पावती घेऊन. हा डबा तेवढा राहिला होता. कुठून आणला विचारलं तर म्हणाले, "मिळाला." एवढंच. मिळाला म्हणजे काय, बाबा? रस्त्यात पाकीट मिळतं, कम्प्युटर मिळत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाउजेडी दार लावलं की शेजारीण विचारते, कोण आजारी आहे का. खाली वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू काढून माझ्या आमटीच्या वाटीत ठेवले. आतलं सामान लेकीने सोडवून पाटावर मांडलं आणि वरून पातळ फडकं घातलं. मग हे पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासत बसले. डबा पिवळट पडला होता हे खरं, पण सगळ्यात जास्त घासलं ते मागच्या बाजूला, जिथे पांढऱ्या रंगात एक नंबर लिहिला होता. पाणी लावून, पेपर बदलून, पुन्हा पुन्हा. मी तांदूळ निवडत होते आणि बघत होते. भोकांवर चिकटपट्टी लावली, प्रायमर मारला, आणि वाळल्यावर स्प्रेने काळ्या रंगाचे दोन हात दिले. ओघळ एकही नाही. तुम्ही असता तर हात बघून म्हणाला असता, जावई कामाचा आहे. मला मात्र त्या नेटकेपणाचीच भीती वाटली. ज्याला नुसता रंग बदलायचा आहे तो इतकं जपून घासत नाही.

तुम्हीही असंच दार लावलं होतं. गिरणीचा संप सुरू होऊन चार-पाच महिने झालेले. तुमचं साचेखातं बंद, तुम्ही कॉटन ग्रीनच्या गोदामात मिळेल ती हमाली करताय, आणि एक दिवस भर दुपारी शिवणाचं मशीन खांद्यावर घेऊन येता. आईला परकर-झबली शिवायला. मशीनवरची सोनेरी पानं तुम्ही काळ्या ऑइल पेंटने बुजवता, घासलेटने हात धुता आणि मला सांगता, बाहेर बोलायचं नाही. मी मॅट्रिकच्या वर्गात, अक्कल आली असं मला वाटायचं. मामाने गावाहून पैसे पाठवले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही मशीन कुठून तरी उचललंत. आणि मी ते नळावर माझ्या मैत्रिणीच्या कानात सांगितलं.

ती त्याच संध्याकाळी बघायला आली. मशीनकडे नुसती बघत उभी राहिली, मग जवळ जाऊन चाक फिरवलं. रंग बदलला तरी चाकाचा आवाज तोच होता. माझ्या आईला म्हणाली, "काकी, ह्याला रोज तेल घाला. आमची आई घालायची." आणि गेली. त्यानंतर ती कधी माझ्या वेळेला पाण्याला आली नाही. रात्री तुम्ही ओरडाल म्हणून मी मोरीशी उभी होते. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "माका चोर समजलंस, त्याचा काय नाय गो. त्या बाईक मी शब्द दिलेलो." मैत्रिणीच्या आईने मशीन विकलं ते चाळीत कळू नये, पोरींना तर नाहीच, म्हणून तो रंग होता. मारलं असतंत तर आज इतकं आठवलं नसतं.

म्हणून ह्या वेळी मी तोंड बंद ठेवलं. फक्त त्या डब्याला हळदकुंकू लावलं नाही. घरात मिक्सर आला तेव्हासुद्धा मी कुंकू लावून, नारळ फोडून मगच बटण दाबलं होतं. लेक सोमवारी म्हणाली, "आई, लाव ना गं कुंकू, मला सबमिशन आहे." मी म्हटलं, अजून रंग ओला आहे. मंगळवारीही तेच म्हटलं. बुधवारी तिने बोटाने दाबून दाखवलं आणि म्हणाली, "वाळलाय. आता काय कारण?" तेव्हा हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या आईला मी चोर वाटतो. सरळ विचारत नाही, देवाच्या आड बसते."

मग त्यांनी सांगितलं. ऑफिसाने जुने डबे भंगारात काढले, वजनावर विकले. स्टाफने त्यातलं काही घ्यायचं नाही असा नियम. ह्यांनी गेटबाहेर भंगारवाल्याकडून एक विकत घेतला. ऑफिसचा नंबर घासला, कारण ऑफिसातले एकजण भोईवाड्यात राहतात आणि गणपतीला आपल्याकडे येतात. पावतीचं मी विचारलं तर हसले. म्हणाले, भंगाराची पावती कोण देतं? लेक माझ्याकडे बघत होती. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. तिला मी काय म्हणते ते ऐकायचं होतं, आणि मी भांडी घासायला मोरीवर गेले.

काल, शुक्रवारी, भोईवाड्याच्या देवळात ओटी भरायला गेले. मुद्दाम तिथे गेले, हे तुमच्यापासून काय लपवू. त्या गृहस्थांची बायको दर शुक्रवारी तिथे असते. रांगेत मी तिच्या मागे उभी राहिले आणि पोरांच्या अभ्यासावरून, कॉलेजच्या फीवरून बोलत बोलत विचारलं, ह्यांच्या ऑफिसात कम्प्युटर बदलले म्हणे? ती म्हणाली, हो, जुने सगळे भंगारात गेले, आमचे हे हळहळत होते. ह्यांनी सांगितलेलं शब्दन् शब्द खरं होतं. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं, तोच ती वळली. हसून म्हणाली, "का हो, तुमच्याकडे आला की काय एखादा?"

मी म्हटलं, "नाही हो. आम्ही कुठून आणणार?"

देवी समोर, ओटीचं ताट हातात, आणि तोंडातून इतकं सहज निघालं. ती अजून माझ्याकडे बघतेय असं वाटून मी खणाची घडी पुन्हा नीट केली. घरी येऊन डब्याला कुंकू लावलं, साखर ठेवली. लेकीने मला मिठी मारली. हे म्हणाले, पटलं ना शेवटी. मी मान हलवली. कसं पटलं, ते त्यांनी विचारलं नाही.

आता दुपार आहे, लेक टाइप करते आहे आणि मी मोरीच्या कडेला बसून हे लिहिते आहे. गणपतीत ती बाई येईल, डबा बघेल, आणि मला तोंड दाखवता येणार नाही. ह्या सगळ्यात खोटं एकच जण बोललं, ती मी. ह्यांना ते सांगायचं कालपासून ठरवते आहे. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.