मूठ कुठे टेकवायची

२ फेब्रुवारी. सकाळ.
बाण सोडायचा नवा रिलीज आला! मुठीत धरायचा, धनुष्याची दोरी त्याच्या हुकात अडकवायची, अंगठ्याने बटण दाबलं की बाण सुटला. गाढवालाही जमेल. यंदा लोसारच्या, म्हणजे नववर्षाच्या, तिरंदाजी मॅचमध्ये खालच्या गावाला उभं फाडणार.

संध्याकाळ.
दोरी ओढतानाच बटण दाबलं गेलं. माझीच मूठ माझ्याच थोबाडावर. ओठ फाटला. मेहुणा फुब म्हणाला, दाजी, मॅच खालच्या गावाशी आहे, तुमच्याशी नाही. बटणात खोट आहे.

५ फेब्रुवारी.
कॅप्टन आप दागो, म्हणजे आमचे दागोकाका, म्हणाले, अंगठा राहू दे, आधी मूठ दर वेळी जबड्यावर एकाच जागी टेकव. त्यालाच अँकर म्हणतात. ठीक. जागा ठरवली: उजव्या जबड्याचा कोपरा. सकाळचे बाण नेमाच्या फळीच्या आसपास. जेवणानंतरचे नदीत. वारा असणार. दगडाला लाथ घातली. पाय सुजला.

९ फेब्रुवारी.
आप दागोंची तंबी: असंच चाललं तर टीममध्ये तुझ्या जागी फुब. तो शेंबडा! भर मैदानात ओरडलो, जीव घेईन याचा. सगळ्यांनी ऐकलं. बरं झालं, दरारा हवाच.

१० फेब्रुवारी.
बायकोचं, म्हणजे चोकीचं म्हणणं: दिवसभर दोमा चघळता, पान-सुपारीचा गोळा नेमका त्याच गालात. गाल कधी फुगलेला, कधी बसलेला. मूठ एका जागी टेकेल कशी? बायकांनी धनुष्याला शिवू नये म्हणतात. त्यावर बोलूही नये, असं माझं मत.

१२ फेब्रुवारी.
मोठा शोध लावला. मी स्वतः. गाल कायम सारखा हवा! दोमा सोडणं अर्थातच अशक्य. म्हणून अख्खी सुपारी गालात ठेवायची, चावायची नाही, मूठ तिच्यावर. बाण फळीत! पुन्हा फळीत! आप दागो नाचले. फुबचं तोंड एवढंसं झालं.

२० फेब्रुवारी. मॅच.
ज्योतिष्याने शकुनासाठी सांगितलं तसा मागच्या खिडकीतून बाहेर पडलो. गुडघा खरचटला. सुपारी जागेवर. आज रक्त सांडणार.

२१ फेब्रुवारी.
सांडलं. स्कोअर बरोबरीत, शेवटचा बाण माझा. फुब रीतीप्रमाणे आमच्यातर्फे नेम सांगायला फळीजवळ उभा राहून ओरडत होता, दाजी, जरा डावीकडे! खालच्या गावच्या बायका गात होत्या, फुटक्या ओठाच्या, आज कुणाचं थोबाड फोडणार? माझं टाळकं सटकलं. दात-ओठ खाल्ले. सुपारीही खाल्ली. कडकन फुटली, गाल बसला, मूठ घसरली, अंगठा दाबला गेला.
बाण फुबच्या मांडीत.

२३ फेब्रुवारी.
गाव म्हणतंय, मुद्दाम मारला, बोललाच होता जीव घेईन म्हणून. चोकी भावाजवळ हॉस्पिटलात. माझ्याशी बोलत नाही. पोलीस येऊन गेले.

२४ फेब्रुवारी.
फुबने पलंगावरूनच जबाब दिला. साहेब, दाजींनी माझ्यावर नेम धरला असता तर मला खरचटलंसुद्धा नसतं. आप दागोंनी मान डोलावली. अख्ख्या टीमने डोलावली. हवालदार म्हणाला, हे कबूल असेल तर सही करा आणि घरी जा.
बराच वेळ पेन धरून बसलो. नेम धरूनच मारला म्हटलं तर तुरुंग. पण इज्जत राहते.
सही केली. चौकटीच्या बाहेर गेली.