दोन डिस्क आणि त्यांचा मुखत्यार

मारेगाव,
२६ फेब्रुवारी २०१८

चि. राजदीप,

तुला, सूनबाईला आणि नागपूरच्या त्या थंडगार खोलीत तू सांभाळतोस त्या साऱ्या कॉम्प्युटरांना धम्मरत्नमामाचा जय भीम. तुझी पाठ कशी आहे? माझा घसा ठणठणीत आहे. (घसा बरा म्हणजे मामा बरा, हे तुझी आई सांगेलच.)

ज्यांच्या वतीने आजवर नेहमी दुसराच कोणी बोलत आला, अशा तुझ्यामाझ्यासारख्या सर्वांच्या वतीने मी ही तक्रार मांडतो आहे.

यंदा गुलाबी बोंडअळीने कापूस कसा खाल्ला ते तू दिवाळीत पाहिलंस. आमच्या समितीने एकशे बारा शेतांचे फोटो जमवले. ज्याने त्याने आपल्या फोनवर काढायचे, बोंड फोडून अळी दाखवायची, मागे शेताची मालकीण नाहीतर मालक उभा. समितीच्या चिटणीस कौसल्याताई महिनाभर बांधाबांधाने फिरल्या आणि ते गोळा करून आणले. आता कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या, नांगर फिरला. वावरात दाखवायला ढेकळं उरली आहेत. नऊ मार्चला तहसीलमध्ये सुनावणी आहे आणि तिथे फोटो नसेल त्याचं नुकसान झालेलंच नाही.

हे फोटो ठेवण्यासाठी तू आमच्या मशीनवर झेडएफएस नावाची फाइल-सिस्टिम बसवून दिलीस. मी तिला बाईच म्हणतो. बाई चोख आहे. प्रत्येक फोटोची खूण लिहून ठेवते, वाचताना ताडून पाहते, एका डिस्कवरची प्रत सडली तर जोडीच्या डिस्कवरून चांगली आणून दुरुस्त करते. तिची अट एकच, दोन्ही डिस्क तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. (हीच अट मी आयुष्यभर प्रत्येक साहेबाला घालत आलो.)

तू गेलास आणि पांढरकवड्याचे विठ्ठलराव आले. प्रिंटर दुरुस्त करतात, म्हणून तालुक्यात विद्वान समजले जातात. त्यांनी डिस्क आणि बाईच्या मध्ये रेड कंट्रोलर नावाचं कार्ड ठोकलं आणि सगळं नव्याने मांडलं. हे कार्ड डिस्कांचं मुखत्यार होऊन दोन्ही आपल्या पाठीमागे दडवतं आणि बाईला सांगतं, आत एकच आहे आणि तिची तब्येत उत्तम आहे. पंचनाम्याला आलेल्या माणसाला बांधावर न नेता ओट्यावर चहा पाजून परत पाठवणारे पुढारी तू पाहिलेस. हा त्यांचाच भाऊबंद, फक्त टोपी घालत नाही.

गेल्या मंगळवारी कौसल्याताईंनी तांड्यावरच्या रुपीबाईचा फोटो उघडला. वर निम्मं आभाळ, खाली राखाडी पट्टे. मशीनमधल्या बाईने लगेच नऊ शेतांच्या फाइली नावानिशी सांगितल्या, या सडल्या म्हणून. दुरुस्त कर म्हटलं, तर म्हणते, माझ्याजवळ दुसरी प्रत नाही. प्रत वीतभर अंतरावर, जोडीच्या डिस्कवर पडलेली असेल, पण मुखत्यार मध्ये उभा. विठ्ठलरावांना बोलावलं.

"लाइट हिरवा हाय ना भाऊ, मंग काहून घाबरता?" ते म्हणाले. "पाच तारखेच्या सोमवारी येतो, रिबिल्ड मारतो. एका डिस्कवरचं दुसरीवर उतरते, झालं."

"कोणत्या डिस्कवरचं कोणत्या?"

"ते कार्ड ठरवते."

म्हणजे सडकं चांगल्यावर उतरलं, तरी लाइट हिरवाच. यावर मी पाऊण तास बोललो. (विठ्ठलरावांनी तेवढ्यात दोन प्रिंटर उघडून बंद केले.) रुपीबाई दारात उभी होती. माझं संपल्यावर म्हणाली, "भाऊ, अळी दिसत नाही ते दिसत नाही, मी बी दिसत नाही. साहेब म्हणन, बाईले वावरच नोयतं."

तिला मी तुझं नाव सांगितलं.

तुझा,
धम्मरत्नमामा

ता. क. कार्ड विठ्ठलरावांनी विकलं हे खरं, पण मागितलं मी. "मध्ये काहीही घालू नका" असं तू लिहून दिलं होतंस. माझा विचार असा की एका पहारेकऱ्यापेक्षा दोन बरे. कार्ड बसलं त्या दिवशी सभा घेतली आणि विठ्ठलरावांना शाल-श्रीफळ मीच दिलं. आता 'हात लावू नका' म्हणायला मला तोंड नाही.

ता. क. २. वरचं वाचून कौसल्याताई म्हणतात, खरं ते सगळं लिहा. तर लिहितो. त्या सभेत मी बायांना सांगितलं होतं की फोटो आता सुरक्षित आहेत, फोनमधून पुसून टाका. सडलेल्या नवांपैकी आठ जणींनी पुसले नाहीत. कौसल्याताईंनी काल ते पुन्हा गोळा केले. "दादा, तुमचं भाषण झालं का बाया घरी जाऊन आपल्या मनानंच करतात," असं त्यांचं म्हणणं. माझं ऐकलं फक्त रुपीबाईने.

ता. क. ३. येत्या रविवारी पहिल्या गाडीने ये आणि विठ्ठलरावांचं बोट रिबिल्डच्या बटणावर पडायच्या आत कार्ड उपटून दोन्ही डिस्क वेगवेगळ्या वाचून बघ.