साबणाच्या वड्या

प्रिय रॉयस,

‘प्रिय’ लिहिण्याआधी मी दोन कागद फाडले. पण राग कितीही असला तरी पत्राची सुरुवात माणसासारखी करावी, असं शाळेत सिस्टर क्लेमेन्शियांनी आम्हाला शिकवलं होतं. ती झाली.

परवा टपालाने आणखी एक साबणाची वडी आली. या वर्षातली चौदावी. सोबत तुझ्या कुणा प्रेक्षकाची चिठ्ठी, "टॅडकाका, यावर सही करून परत पाठवा." रविवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचं टीव्हीवर समालोचन तू बत्तीस वर्षं करतोयस आणि कुणाच्याही हातून चेंडू निसटला की तुझी तीच गोष्ट: "आमच्या टॅडची आठवण झाली बघा. अंतिम सामना, शेवटचं मिनिट, आणि गड्याच्या हाताला साबण." सिनेमात शेरीफ झालास, तिथेही ती घुसडलीस. आमच्या गावच्या थिएटरात टॅड माझ्या शेजारी बसून सगळ्यांच्या आधी हसला. तू दिसलास छान. घोड्यावर बसता येत नाही, ते वेगळं.

नऊ वर्षं तो तुझ्यापुढे वाकून पायांमधून चेंडू तुझ्या हातांत देत राहिला, आणि मग तुझ्यावर धावून येणारे धिप्पाड गडी स्वतःच्या अंगावर घेत राहिला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आहेत. तुझे दात तेवढे बदललेले दिसतात. तेव्हा दर गुरुवारी तू आमच्याकडे जेवायला यायचास, बटाट्याचं सारण भरलेले माझे बारा-बारा पिरोगी संपवून म्हणायचास, "बर्नाडेट, टाक या टॅडला आणि माझ्याशी लग्न कर." टॅड म्हणायचा, "ने बाबा, पण परत आणून सोडायची नाही."

ऑगस्टमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता डाव्या हाताने पाटीवर एकेक शब्द लिहितो. मागच्या रविवारी तू पुन्हा साबण काढलास. मी टीव्ही बंद करायला उठले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारून बसले, "निदान आता तरी सांग, खरंच तुझ्या हातून चेंडू निसटला होता का?" बराच वेळ घेऊन त्याने तीन शब्द लिहिले. रॉयसचं बोट मोडलेलं.

उरलेलं मी हो-नाही विचारून काढून घेतलं. आदल्या आठवड्यात तुझं बोट मोडलं होतं. प्रशिक्षकाला कळलं असतं तर त्याने तुला बाकावर बसवलं असतं, म्हणून तू ते फक्त टॅडला सांगितलंस. आणि शेवटच्या मिनिटाला, चेंडू त्या बोटावर आदळेल या भीतीने, तू हात आधीच काढून घेतलेस. चेंडू जिथे यायचा तिथेच आला होता. तुझे हात तिथे नव्हते. पत्रकारांपुढे टॅड म्हणाला, "माझी चूक." पुढच्या मोसमात त्याला संघातून काढलं. तू आणखी सहा वर्षं खेळलास. एकोणचाळीस वर्षं त्याने हे मलासुद्धा सांगितलं नाही, रॉयस. तू भ्यालास, ते मी समजू शकते. मोडलेलं बोट दुखतंच. पण त्यावर साबण लावून जन्मभर विकत बसलास, ते मला समजत नाही.

डॉक्टर नाताळापर्यंतचं बोलतात. काल टॅडने त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांची नावं पाटीवर लिहिली. पहिलं तुझं. मी पुसलं. त्याने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहून त्याने पाटी छातीशी धरली, ती सोडेचना. म्हणून हे पत्र. निरोप त्याचा आहे, अट माझी. येत्या रविवारी, त्याला ऐकू येतंय तोवर, खरी गोष्ट सांग. साबणाची सांगतोस त्याच आवाजात. आम्ही एक वाजता टीव्ही लावतो. सांगितलीस तरच ये. आणि आमच्या चर्चच्या पायऱ्या अकरा आहेत, अरुंद आहेत. पेटी खाली टेकेपर्यंत हात काढू नकोस.

टॅडचीच,
बर्नाडेट