वरच्या खोलीतल्या भावाची सही

मी, कपडे धुण्याच्या आणि इस्त्रीच्या दुकानाची मालकीण, जिला गल्लीत सगळे लाँड्रीवाली ताई म्हणतात, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे की नाही हे समोरच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांचा कोट धुऊन पडलाय, घेऊन जा, हेही सांगितलं.

१. धुलाईचं यंत्र आणि दोन्ही इस्त्र्या, ज्याला दुकान चालवायचं असेल त्याला माझ्या वकीलबाईंनी द्याव्यात. मोठ्या इस्त्रीचं हँडल सैल आहे. आधी सांगितलेलं बरं, मागून मला शिव्या नकोत.

२. मामा आणि नात्यातली बाकी मंडळी यांना काहीही मिळणार नाही. खटल्याच्या वेळी सगळ्यांना एकदमच कामं निघाली होती. तीच कामं त्यांनी पुढे चालू ठेवावीत.

३. पाठीला पाठ लावून आलेला माझा धाकटा भाऊ कागदाच्या गोदामात कामाला होता. मालकानं काढून टाकलं म्हणून त्यानं ते गोदाम पेटवलं. आत रखवालदार होता. त्याचे दोन्ही हात जळाले. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आगीसाठी वापरलेला ड्रायक्लीनिंगच्या पेट्रोलचा डबा माझ्या दुकानातला. भाऊ मोटारसायकलची साखळी पुसायला तो नेहमी न्यायचा, तसाच त्या दिवशीही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शर्ट धुवायला टाकला. आमच्याकडे आत आलेल्या प्रत्येक कपड्याला तारखेची चिंधी लागते. हात आपोआप चालतात. मी त्याच्याही शर्टाला चिंधी लावली, आणि पोलिसांना दोरीवर तोच सापडला. कॉलर थोडी जळलेली, खाली तारीख.

"डबा दिला, शर्ट धुतला. आता मदत करायची आणखी काय राहिली होती?" असं सरकारी वकील म्हणाले, आणि कोर्ट हसलं. गुन्हा करणाऱ्याला जाणूनबुजून हात देणारा तितकाच गुन्हेगार, असा कायदा आहे. कायद्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या 'जाणूनबुजून'शी आहे.

भाऊ माफीचा साक्षीदार झाला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "ताईला सगळं सांगितलं होतं. तिनंच डबा भरून दिला." तो सुटला. मी आत गेले.

४. मी शपथेवर लिहिते की मला काहीही माहीत नव्हतं. हे जगात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि त्याला.

५. शिक्षा भोगून मी परत आले, तेव्हा तो वरच्या खोलीतच राहत होता. दुसरं कोण घेणार होतं त्याला? तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. त्याचे इस्त्री केलेले कपडे मी जिन्यावर ठेवते, तो उचलून नेतो. रात्रीचा त्याचा खोकला ऐकू येतो तेवढीच मला सोबत. आजारपणात वाटलं, हाक मारावी. मारली नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात, मला काही झाली नाही.

६. हे घर आणि दुकानाची जागा माझ्यामागे भावाला मिळावी. त्याच्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही.

७. मात्र वकीलबाईंनी सांगितलं, की मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातून काही घेता येत नाही. तरीही दुसरा साक्षीदार म्हणून मी भावालाच बोलावते आहे. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, साक्षीदार फक्त तुमच्या सहीला असतो, आतल्या मजकुराला नाही." असू दे. त्यानं चौथं कलम डॉक्टरांसमोर मोठ्यानं वाचावं आणि ते खरं म्हणून सही करायची की नाही, ते मग ठरवावं.

त्यानं सही केली तर हे घर त्या रखवालदाराला जाईल. नाही केली तर घर भावाचंच, आणि सहीला समोरचा चष्मेवाला तयार आहे. त्याच्यावर जबरदस्ती नाही, माझा रागही राहणार नाही. खरंच नाही राहणार. रागाला लागणारी ताकद आता अंगात नाही रे.

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : चौदा, सोमवार

मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

साक्षीदार पहिला : समोरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ (सही)

सहीखाली त्याच्या हातचं :
चौथं कलम वाचलं. खरं आहे. साखळी पुसायची आहे असं सांगून मी डबा नेला होता. ताईला काही माहीत नव्हतं. घर रखवालदाराला द्यावं.