गंगुबाईंच्या वजनाची गोणी

गिरगाव,
पौष वद्य अष्टमी, सन १८९४

प्रिय पद्मजा हिला तिच्या राधेचा प्रेमाचा नमस्कार,

आमच्या माडीच्या सज्जातून टोपली खाली सोडून आपण दोघी भाजीवालीकडचा दुधी वर ओढत होतो, ती सकाळ तुला आठवते का? खालून चाललेल्या भटजींची पगडी पाहून तुला हसू आलं, दोर सुटला आणि दुधी पगडीवर पडला. (भटजी वाचले. दुधी वाचला नाही.) ही आठवण आज का काढली ते पुढे येईल. आधी तुझा दमा कसा आहे ते कळव. अलिबागची हवा मानवली म्हणतेस, पण प्रकृतीबद्दल तू नेहमीच थोडं खोटं लिहितेस. माझे गुडघे तक्रार करतात, मी ऐकत नाही.

तर आमच्या स्त्रीमंडळाने वसंतपंचमीला नाटक करायचं ठरवलं आहे. पात्रं बायका, प्रेक्षक बायका, पुरुषाने दारातसुद्धा उभं राहायचं नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की नाटकात सरस्वती आढ्यावरून खाली उतरते, आणि तिला उतरवणारे आजवर सगळे पुरुषच. तेव्हा ते काम आपणच शिकायचं म्हणून वरळी कोळीवाड्यातल्या लवू तांडेलांना शिकवणीला बोलावलं. त्यांनी तरुणपणी गलबतावर शिडं चढवली, मग नाटक कंपनीत देव उतरवले, आणि स्वतःला ते त्या देवांपेक्षा थोडे वरचेच समजतात. ("इंद्र म्हंजे काय बाय, माझ्या दोराला बांधलेला मानूस.") आम्हां सुशिक्षित बायकांना त्यांनी कितीतरी दिवस नुसता दोर चाचपायला लावला, कुठे झिजलाय, कुठे ओलावलाय. कप्पीखाली कुणी उभं राहिलं की ओरडतात. वकीलसाहेबांच्या सूनबाईंनीही ओरडा खाल्ला आणि घरी जाऊन त्याला व्याख्यान म्हणाल्या.

त्यांचा मुख्य नियम असा, की माणूस वर नेण्याआधी त्याच्या वजनाची वाळूची गोणी भरायची. दोराच्या एका टोकाला गोणी, दुसऱ्या टोकाला पाळणा. दोन्ही सारखी असली की ओढणाऱ्याला भार होत नाही. सरस्वती अर्थातच अध्यक्षीणबाई, आमच्या गंगुबाई. त्या काट्यावर बसायला तयार होईनात. म्हणाल्या, गेल्या वर्षी दुखण्यातून उठल्यावर देवळात माझी गुळाने तुला झाली, तेच वजन धरा. देवासमोरचं वजन काय खोटं असतं? गोणी भरली, वर टांगली. गंगुबाई खाली पाळण्यात बसल्या. आम्ही चौघींनी दोर ओढला. गोणी वरच झुलत राहिली आणि सरस्वती वीणा घेऊन जमिनीवर बसून राहिली. लवूंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. "बाय, गूळ खोटा नाय, तराजू खोटा नाय. मंग तवा पाय कोनाचा जमिनीला होता?"

गंगुबाई वीणा खाली ठेवून घरी गेल्या. (गूळ घरातून बाहेर जाताना गंगुबाईंच्या यजमानांचा जीव कसा कासावीस होतो, हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे.) त्याच संध्याकाळी गंगुबाईंना ताप भरला, आणि वसंतपंचमी होईपर्यंत तो उतरणार नाही असं त्यांनी कळवलं आहे. दुसरी सरस्वती मिळाली आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुझी,
राधा

ता. क. दुसरी सरस्वती मी आहे. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सगळ्यांदेखत बसून वजन दिलं. मुलगा म्हणतो, आई, हे काय वय आहे? मिशनच्या शाळेतल्या नाताळच्या नाटकात मदरने आपल्या दोघींना मेंढ्या केलं होतं, कारण देवदूताचे केस काळे नसतात. माझे आता पुरते पांढरे झाले आहेत.

आणखी, लवूंचा शेवटचा नियम असा, की दोर कुणी धरायचा हे वर जाणारीने स्वतः ठरवायचं. मी तुझं नाव दिलं आहे. पत्र पोचताच बोटीने निघ, म्हणजे शिकायला सवड मिळेल.

आणि तुला हसू आलंच, तर माझी मोत्यांची नथ सूनबाई नलूला द्यावी. मदरने दिलेली शिवणाची पेटी तुझ्या नावाने ठेवली होती, पण दोर तुझ्याच हातून सुटला तर ती लवूंच्या लेकीला, शेवंताला. वाळूची ती पहिली गोणी गंगुबाईंकडे पोचती करावी. देवासमोरचं वजन आहे, वाटेत कण सांडू देऊ नये.